मदत हवी आहे: एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या आणि ऐन वेळी परत वर जाणारं विमान

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीची विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रणासाठी निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात ती प्रशिक्षणाला प्रयागराजला जातेय. परवा रात्री जेवणं झाल्यावर तिनं हॉलच्या फरशीवर सुतळीचे दोन तुकडे फुलीसारखे पसरले, दोन काडेपेट्या घेतल्या आणि मला कंट्रोलर केलं. एक काडेपेटी उतरायला येत होती. ती अजून लांब आहे असं बघून मी दुसरीला आडव्या सुतळीवरून उडायला सांगितलं. लेक म्हणाली, "आई, आणि पहिलं विमान टेकलंच नाही, परत वर गेलं तर?" तिनं हातानं करूनही दाखवलं. दोन्ही काडेपेट्या फुलीच्या बरोब्बर वर, हवेत एकमेकींवर आदळल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं. इथे टॉवरमध्ये काम केलेले किंवा वैमानिक कुणी असतील तर कृपया समजावून सांगा.

आत्तापर्यंत वाचून कळलंय ते असं. आम्ही कलिन्याला राहतो, विमानं डोक्यावरूनच जातात. मुंबईच्या ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवतात. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झाली, म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक! अशा फुल्या बांधल्याच का, तर विमानाला वारा समोरून लागतो आणि जुनी हलकी विमानं आडव्या वाऱ्यात डगमगायची.

अमेरिकेत मात्र छेदणाऱ्या पट्ट्या एकाच वेळी वापरतात. बोस्टनला ९ जून २००५ च्या संध्याकाळी दोन वेगवेगळ्या कंट्रोलरनी काही सेकंदांच्या फरकानं दोन विमानांना अशा पट्ट्यांवरून उड्डाणाची परवानगी दिली. दोन्हींत मिळून ३८१ माणसं. एका सहवैमानिकाला दुसऱ्या पट्टीवरून येणारी एअरबस दिसली. त्यानं विमानाचं नाक वर येऊ दिलं नाही, जमिनीलगत दाबून धरलं आणि एअरबस डोक्यावरून गेली. अंतर निघालं सुमारे ७० फूट. हे वाचून मी उठून पाणी प्यायले.

शिकागोच्या मिडवे विमानतळावर १६ जून २०१५ ला घोळ झाला तो ऐकण्यात. उड्डाणाची परवानगी होती साउथवेस्ट ३८२८ या विमानाला, आडव्या पट्टीवरच्या डेल्टा १३२८ ला ती आपलीच वाटली. दोघांनी एकदमच उत्तर दिल्यानं रेडिओवर आवाजात आवाज मिसळला. कंट्रोलरनं वेळेत ओरडून थांबवलं म्हणून निभावलं.

पण ही सगळी उडणारी विमानं. माझा प्रश्न उतरणाऱ्याचा आहे. उतरणं रद्द करायचा हक्क वैमानिकाचा, तो ते शेवटच्या क्षणीही करू शकतो. मग आडव्या पट्टीवरचं विमान नेमकं कधी सोडायचं, हे कंट्रोलर कशावरून ठरवतो? आणि दोन पट्ट्यांना दोन कंट्रोलर असतील तर फुलीची जागा कुणाची?

प्रतिसाद:

ताई, आधी लेकीचं अभिनंदन. मी टॉवरमधूनच निवृत्त झालो. पोरीनं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय.

फुली दोन्ही पट्ट्यांची धरायची. उडणारं विमान फुली ओलांडून गेलं, किंवा उतरलेलं विमान फुलीच्या पलीकडे गेलं अथवा अलीकडेच वळून पट्टीबाहेर पडलं, की मगच दुसऱ्याला मोकळीक. पण पट्ट्या जमिनीवर छेदत नाहीत, नुसत्या विमानांच्या वाटा हवेत छेदतात, तिथे एक भोक होतं, तुमच्या काडेपेटीचं. उतरायला आलेलं विमान उतरणारच, असं धरून हिशेब व्हायचा. लास व्हेगससारख्या ठिकाणी परत वर गेलेली विमानं उडणाऱ्यांच्या फार जवळ गेली, तेव्हा २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानं, नियमच बदलायला सांगितला. त्यानंतर तिथे रडारच्या पडद्यावर, धावपट्टीच्या अलीकडे, एक खिडकी आखू लागले. उतरणारं विमान त्या खिडकीत असेल तर आडव्या पट्टीवरचं सोडायचं नाही. अजून खिडकीपाशी पोचलं नसेल, तर उडणारं आधी निघून जातं. खिडकी मागे टाकली असेल, तर परत वर गेलं तरी फुली तेच आधी ओलांडतं.

दोन कंट्रोलर असतील तर एकानं दुसऱ्याला विचारायचं आणि "हो" कानानं ऐकल्याशिवाय परवानगी द्यायची नाही. तो मान डोलावेल यावर विसंबायचं नाही. आणखी एक. "टेक-ऑफ" हा शब्द खरी परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तोंडातून काढायचा, एरवी "डिपार्चर" म्हणायचं. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन विमानं आदळून ५८३ माणसं गेली, त्यानंतर ही शिस्त आली. लेकीच्या जिभेला आत्तापासून वळण लागू दे.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. काल रात्री सुतळीच्या एका टोकाबाहेर खडूनं खिडकी आखली. या वेळी लेक कंट्रोलर आणि उतरणारी काडेपेटी माझ्या हातात. तीनदा मी खिडकीत असताना तिनं दुसरीला रोखून धरलं. चौथ्यांदा मी खिडकीच्या बरीच अलीकडे होते, तेव्हा तिनं ती सोडली, आणि मी परत वर गेले तोवर फुली रिकामी झाली होती.

अजून एक विचारते. पावसाळ्यात वारा फिरला आणि सगळी वाहतूक एका पट्टीवरून दुसरीवर न्यायची झाली, तर त्या मधल्या मिनिटांत रांगेत असलेल्या विमानांचं काय करतात?