अकरावीच्या वर्गातून खरा अभिप्राय कसा मिळवावा? (मोबाईलबंदी असलेला वर्ग, ७८ विद्यार्थी)

प्रश्न: भौतिकशास्त्राची शिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात ७८ विद्यार्थी आहेत. त्यांतील जवळपास निम्मे मराठी माध्यमातून दहावी झालेले आहेत आणि बरेच जण हिंगणा, कामठी, कळमेश्वर या बाजूंनी येतात. वर्गात मोबाईल आणण्यास मनाई आहे आणि ती मला योग्यही वाटते. अडचण अशी, की ‘समजले का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘हो मॅडम’ म्हणतो आणि त्या ‘हो’चा खरा अर्थ मला चाचणीचे पेपर तपासताना कळतो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी गूगल फॉर्म तयार करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. दहा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि शेवटी सूचनांसाठी मोकळी जागा. ३१ जणांनी तो भरला. सगळीकडे ४ किंवा ५, आणि मोकळ्या जागेत ‘खूप छान शिकवता’, ‘नो सजेशन’, हात जोडल्याची चित्रे. फक्त एकाने लिहिले होते, ‘मॅडम हळू बोलतात’. आता हळू म्हणजे सावकाश की बारीक आवाजात, हे मला अजून उमगलेले नाही. वर्गात उघड विचारावे, तर ज्याने लिहिले तो पुढच्या वेळी काहीच लिहिणार नाही.

मुलांच्या हाती मोबाईल न देता, पण तंत्रज्ञानाचा उपयोग करून, नियमित अभिप्राय घेण्याची काही पद्धत कोणी वापरली आहे का?

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापक, धरमपेठ

मॅडम, आपण एकाच फॉर्ममध्ये दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत. धडा समजला की नाही हे एक, आणि शिकवण्याची पद्धत कशी वाटते हे दुसरे. पहिल्याचे उत्तर विद्यार्थी स्वतः सांगू शकत नाही, कारण जे समजलेले नाही ते समजलेले नाही हेही पुष्कळदा त्याला ठाऊक नसते. ते प्रश्न घालूनच तपासावे लागते. दुसऱ्याचे उत्तर तो देऊ शकतो, पण नाव कळणार नाही याची खात्री असेल तरच.

दुसऱ्या कामासाठी मी शेवटपर्यंत चिठ्ठीच वापरली. तास संपण्याआधी दोन मिनिटे, पाव कागद आणि एकच प्रश्न: आज कुठे अडले? चिठ्ठ्या दारातल्या डब्यात. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, मात्र ७८ चिठ्ठ्या वाचायला वीस मिनिटे पुरतात आणि त्यासाठी चार्जिंग लागत नाही.

उत्तर २: पदवी महाविद्यालयातील प्राध्यापक

वरच्या उत्तरातील भेद अगदी योग्य आहे. त्यातील पहिल्या भागासाठी मी प्लिकर्स हे ॲप सुचवतो, कारण त्यात कॅमेरा असलेला मोबाईल केवळ शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक विद्यार्थ्याला काळ्या-पांढऱ्या चौकोनी आकृतीचे एक छापील कार्ड मिळते. कार्डाच्या चार बाजूंवर ए, बी, सी, डी ही अक्षरे अगदी बारीक छापलेली असतात आणि ज्या पर्यायाची बाजू वर धरली ते त्याचे उत्तर. शिक्षक मोबाईल वर्गावरून फिरवतो आणि उत्तरे मोजली जातात. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहून नक्कल करता येत नाही, आणि हात वर करताना हुशार मुलाकडे पाहण्याची जी सवय असते तीही आपोआप सुटते.

आपल्या संख्येची अडचण येईल. कार्डांचा नेहमीचा संच ४० चा आहे आणि मोठा ६३ चा, म्हणजे ७८ जणांना तोही पुरणार नाही. पण बाकावरच्या दोघांना मिळून एक कार्ड द्या. ३९ कार्डांत काम होते, आणि कार्ड वर धरण्यापूर्वी दोघांना आपसात बोलून एका उत्तरावर यावे लागते, हा लाभ वेगळाच.

यामागची कल्पना आपल्याच विषयातून आलेली आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून तासात मध्येच संकल्पनेचा एक प्रश्न विचारून सर्वांकडून उत्तर घेण्याची पद्धत रुजवली. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर बरोबर उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी चर्चा करू द्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा समजावायचा, जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचे. आरंभ या प्रश्नाने करून पाहा: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? वेग शून्य झाला म्हणून त्वरणही शून्य, असे म्हणणारी मुले किती निघतात ते मोजा. ते तिथेही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि खालच्या दिशेनेच असते, हे फळ्यावर दहा वेळा लिहून जे साधत नाही ते या मोजणीने साधते.

एक व्यावहारिक सूचना. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.

उत्तर ३: संगणक शिक्षिका

फॉर्मबद्दल थोडे सांगते, कारण त्यातला दोष बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘ईमेल गोळा करू नका’ असे निवडले तर आपल्याला नाव दिसत नाही हे खरे. पण ‘एकाच प्रतिसादाची मर्यादा’ चालू ठेवली असेल तर भरणाऱ्याला आपल्या खात्यात प्रवेश करावा लागतो आणि फॉर्मच्या माथ्यावर त्याचा स्वतःचाच ईमेल पत्ता दिसतो. तो पत्ता आपल्यापर्यंत पोचत नाही असे तिथे लिहिलेले असते, पण सोळा वर्षांचे मूल ते वाचत नाही. ते पत्ता पाहते आणि सगळीकडे ५ देऊन मोकळे होते. म्हणून ती मर्यादा काढून टाका. एखाद्याने दोनदा भरला तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट माझ्याच बाबतीत घडली. प्रतिसादांच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि वेळ नोंदली जाते. सकाळी सातच्या सुमारास आलेले तीन प्रतिसाद पाहून, हे ऑटोमोटिव्ह चौकाकडून मेट्रोने येणारे त्रिकूट, असे माझ्या मनात सहज आले आणि त्यांतली एक तक्रार कोणाची हे मला कळूनही गेले. मी वाईट हेतूने पाहिले नव्हते, पण वर्गात त्या मुलीकडे बघताना ते आठवत राहिले. तेव्हापासून मी ती शीट उघडतच नाही, केवळ फॉर्ममधला एकत्रित सारांश पाहते.

आणि नाव, क्रमांक विचारूच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती अपेक्षित आहे. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही.

उत्तर ४: गुणवत्ता कक्षाचे काम पाहणारे प्राध्यापक

पदवी महाविद्यालयांत नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीपासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले आणि अभिप्राय ही फाईलमध्ये लावण्याची वस्तू झाली. वर्षअखेरीस फॉर्म, त्यावरून रंगीत आलेख, आलेखाखाली सह्या. ज्या तुकडीने तक्रार केली ती तोवर पुढच्या वर्गात गेलेली असते. आपण वर्ष संपण्याआधी विचारत आहात, तेवढे टिकवा. आणि विचारल्यावर आठवडाभरात काय बदलले ते वर्गात सांगा, नाहीतर दुसऱ्या वेळी ३१ चे १३ होतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांची आभारी आहे. तिन्ही पद्धती करून पाहिल्या, म्हणून उशीर झाला.

चेंडूचा प्रश्न विचारला तेव्हा ३९ पैकी २२ कार्डांनी ‘शून्य’ सांगितले. चर्चेनंतर ते ९ झाले. दुसऱ्या फेरीच्या आधी वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले होते, त्यांची मी नंतर क्षमा मागितली. माझा स्वतःचा मोबाईल तासापुरता वापरण्याची परवानगी मात्र मी प्राचार्यांकडून आधीच लेखी घेऊन ठेवली होती.

‘हळू’चा उलगडा फॉर्ममधून झाला. या वेळी एकच प्रश्न ठेवला: माझे बोलणे तुमच्या बाकापर्यंत कसे पोचते? आवाज बारीक येतो, वेग जास्त वाटतो, वेग कमी वाटतो, ठीक पोचते, असे चार पर्याय आणि बाक पुढचा, मधला की मागचा एवढेच. ६४ प्रतिसाद आले. ‘आवाज बारीक’ म्हणणारे जवळजवळ सगळे मागच्या बाकांवरचे होते. तिथे जाऊन बसले तेव्हा कळले, की मागच्या खिडकीखाली ऑटो थांबतात आणि माझ्या तासाच्या वेळी शेजारची शाळा सुटते. आता त्या तासाला खिडकी बंद असते आणि निम्मा वेळ मी मधल्या वाटेत उभी राहून शिकवते. हे का केले ते वर्गाला सांगितलेही.

चिठ्ठ्यांपैकी एक मी जपून ठेवली आहे: ‘मॅडम तुमी ग्राफ काढता तवा समोरच उभ्या राहता जी, हात हलताना दिसते, ग्राफ नाई दिसत.’ १४ वर्षे शिकवते आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

आता एक अडचण उरली आहे. माझ्या लॅमिनेशनवाल्याकडे चकचकीत कागदाशिवाय दुसरा नाही. सीताबर्डीत किंवा महालात मॅट लॅमिनेशन करून देणारे दुकान कोणाला माहीत आहे का? तोवर कार्डे साध्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत आणि त्यांचे कोपरे आत्ताच दुमडू लागले आहेत.