तिसऱ्या मजल्यावरचं जॅकेट

सोमवार

३०१: नमस्कार. तिसऱ्या मजल्यावर पॅसेजमध्ये हुक ठोकून जे काळं लेदर जॅकेट लटकवलंय ते कोणाचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही. चार दिवस झाले. लिफ्टमधून उतरायच्या आधीच वास येतो. पॅसेज ही सामायिक जागा आहे, चपलांच्या रॅकच्या वेळी मीटिंगमध्ये ठरलं होतं.

३०२: काका नाव घेतलंत तरी चालेल, आमचंच आहे. मुलाने सेकंडहँड घेतलं, फोटोत छान दिसत होतं, पार्सल फोडलं आणि घरभर वास. माझं डोकं दुखायला लागलं म्हणून बाहेर लावलं. दोन दिवसांत काढते, सॉरी.

१०२: अरे मला वाटलं वरून गटाराची लाइन फुटली, मी प्लंबरला फोन लावणार होतो

२०१: ताई भरपूर परफ्यूम मारा आणि कडक उन्हात टाका, एका दिवसात वास गायब. घाई असेल तर हेअर ड्रायर.

४०१: परफ्यूम नको हो, कुबट वास अधिक परफ्यूम असा तिसराच वास तयार होतो आणि तो आणखी चिवट. आणि कडक उन्हाने रंग उडतो, लेदर कडक होऊन चिरा पडतात. मी वीस वर्षं लेदरच्या बॅगा शिवल्यात, वास गेला पण जॅकेट गेलं असं फार वेळा बघितलंय.

२०१: आमच्याकडे कायम उन्हातच टाकतात, काही होत नाही.

३०१: उन्हात टाका नाहीतर सावलीत, पॅसेज ही सामायिक जागा आहे.

३०३: मला एक विचारायचंय, कोणी रागावू नका. काल संध्याकाळपासून जो वास येतोय तो डांबरगोळ्यांचा आहे का? बाळाला दाराजवळ घेऊन बसते मी, चार महिन्यांचं आहे, म्हणून विचारलं.

३०२: हो गं. मुलाने काल दोन्ही खिशांत गोळ्या भरल्या, कुबट वास मरेल म्हणून. मला आत्ता कळलं.

४०१: आधी त्या गोळ्या काढा, बाकी सगळं नंतर. नॅफ्थलीनची गोळी वितळत नाही, तिची थेट वाफ होते, म्हणून ती लहान लहान होत जाते. ती वाफ अस्तरात आणि लेदरमध्ये मुरते आणि परत हळूहळू बाहेर पडत राहते. ज्या बाळांना जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी याने फुटतात, कावीळ वाढते. आणि ती कमतरता असल्याचं बऱ्याच घरांना तपासणी होईपर्यंत माहीतच नसतं. ३०३, घाबरू नकोस पण जॅकेट हलेपर्यंत दार बंद ठेव, बाळ मलूल किंवा पिवळट वाटलं तर सरळ डॉक्टरांना दाखव आणि डांबरगोळ्यांचं आवर्जून सांग.

३०२: काढल्या. पिशवीत घट्ट बांधून खाली नेऊन टाकल्या. ३०३ खरंच सॉरी गं, लक्षातच आलं नाही.

३०३: ठीक आहे ताई. बाळ खेळतंय छान. थँक्यू काकू.

३०१: म्हणूनच मी म्हणत होतो. पॅसेज ही सामायिक जागा आहे.

४०१: आता ते गच्चीवर न्या. टाकीच्या बाजूला सावली असते, रुंद हँगरवर, चेन उघडी, खिसे बाहेर काढून. डांबरगोळीच्या वासावर सोडा नाही, व्हिनेगर नाही, वाहती हवा हाच उपाय. चार-पाच दिवस तरी धरा.

३०२: गच्चीची किल्ली?

सेक्रेटरी: किल्ली माझ्याकडे आहे. मागच्या वेळी टाकीचं झाकण उघडं राहिलं त्यानंतर सही करूनच किल्ली देतो.

२०१: झाकण आम्ही उघडं ठेवलं नव्हतं. दहा वेळा सांगून झालंय.

सेक्रेटरी: मी कोणाचं नाव घेतलं का?

२०१: नाव न घेता बोलायची इथे पद्धतच पडली आहे.

१०२: जॅकेटने सही केली तर चालेल का

सेक्रेटरी: ३०२ ताई, ८ वाजता या, देतो किल्ली.

मंगळवार

३०२: काकू, आज वर जाऊन नीट बघितलं. कॉलरच्या आत पांढरट थर आहे, ती बुरशी का?

४०१: बोटाने चोळून बघ. लेदरमधली चरबी कधीकधी वर येते, तीही पांढरी दिसते, पण थोडी ऊब लागली की विरघळून आत जाते. बुरशी तशी जात नाही, केसाळ असते आणि तिला वास असतो. आणि एक काम कर, बाहेरचं लेदर, काखेतलं अस्तर, खिशाच्या आतली पिशवी, कॉलर, असं वेगवेगळं हुंगून बघ. घाण वाटेल पण त्याशिवाय कळत नाही. सगळे बाहेरून पुसत बसतात आणि वास बसलेला असतो अस्तरात, कारण घाम, धूर सगळं कापड पितं.

३०२: बुरशीच आहे. बाहेरून तसा वास कमीच. काख वाईट. आणि डावा खिसा उलटा केला तर शिवणीच्या कोपऱ्यात तंबाखूचा चुरा आणि धुतल्यासारखं पांढरं झालेलं एक तिकीट, नखाने खरवडून काढलं. ऍशट्रेसारखा वास.

४०१: सापडला बघ. आता बुरशी मास्क लावून मऊ ब्रशने उघड्यावर झाड, घरात नको, ती उडून दुसऱ्या कपड्यांवर बसते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं अर्धं, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की हाताला फक्त गार लागेल. आधी आतल्या शिवणीजवळ लावून बघ, फडक्याला काळा रंग आला तर थांब.

२०१: खायचा सोडा चोळा की वरून, सगळे वास ओढतो.

४०१: लेदरवर नको. लेदर थोडं आम्लधर्मी असतं आणि सोडा अल्कली, वरून चोळला तर कोरडं पडतं, डाग राहतात. धुराच्या वासाला सोडा किंवा ऍक्टिव्हेटेड चारकोल वाटीत घालून जॅकेटबरोबर बंद खोक्यात तीन-चार दिवस ठेवायचा, लेदरला न लागता. सिलिका जेलच्या पुड्या दमटपणा ओढतात, वास नाही, त्यात गल्लत करू नका. खिशाच्या आणि काखेच्या अस्तराला मात्र पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, ओलसर फडक्याने टिपायचं. व्हिनेगरचा वास वाळला की जातो.

२०१: आणि नंतर खोबरेल तेल लावलं की चमकतं.

४०१: तेलाने लेदर काळवंडतं, धूळ धरतं, आणि घरातली बरीच तेलं आतल्या आत खवट होतात, म्हणजे पुन्हा वासच. पूर्ण वाळल्यावर लेदरचं कंडिशनर, अगदी थोडं.

२०१: ठीक आहे. इथे एकालाच सगळं कळतं, आम्ही गप्प बसतो.

४०१: तुमचा राग समजतो हो, पण जॅकेट त्या पोराचं आहे, खराब झालं तर परत होणार नाही. तुमच्या घरी उन्हाने निभावलं असेल, रंग पक्का असेल.

१०२: माझं एक स्वेडचं आहे असंच, चालेल का हे सगळं?

४०१: स्वेडला ओलं फडकं लावू नका, नुसता ब्रश आणि हवा. आणि पापुद्रे सुटत असतील, हाताला चिकट लागत असेल तर ते लेदर नाही, रेक्झिन आहे. त्याचा वरचा थर स्वतःच कुजतोय, त्याला काही करता येत नाही.

१०२: चिकट आहे

४०१: मग राहू द्या.

३०१: पॅसेजमध्ये आणू नका म्हणजे झालं.

पुढचा बुधवार

३०२: अपडेट. पाच दिवस गच्ची, तीन दिवस खोका. पहिल्यांदा पुसलं तेव्हा फडकं चहाच्या रंगाचं झालं, तिसऱ्यांदा जवळजवळ पांढरं. बुरशी परत आली नाही. आज कपाटात नाक घातलं तर नुसता लेदरचा वास. डाव्या खिशाचा वास तेवढा अजून येतो.

४०१: खिशाची पिशवी उसवून नवीन लावून घे, अर्ध्या तासाचं काम आहे. मीच देते करून, संध्याकाळी वर घेऊन ये. आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवू नकोस, सुती चादरीत ठेव.

३०३: ताई काल मुलाने घातलं होतं ना, लिफ्टमध्ये दिसला. अजिबात वास नव्हता.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली अजून परत आलेली नाही.

३०२: आणते लगेच.

३०१: पॅसेजमधला हुक?

३०२: काढला काका. भोक राहिलंय भिंतीला, रविवारी पुट्टी भरते.

३०१: रंग मॅच होईल असं बघा. आमच्याकडे उरलेला डबा आहे, सकाळी १० नंतर या.