मदत हवी आहे: किडनी बदलल्यावर सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) परत परत उलटतोय

मांडवीकाठ: बाबांचा सीएमव्ही दुसऱ्यांदा उलटला. गोळ्या थांबल्या की पीसीआर (रक्तातल्या विषाणूचा आकडा) वर. आता पांढऱ्या पेशीही उतरल्यात. गोळी अर्धी मोडून देऊ का? चवथीला घर भरणार, लवकर सांगा.

लॅबवाला: गोळी कुठली? वय, वजन, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा)? दात्याचा आणि बाबांचा सीएमव्हीचा आयजीजी (आधी लागण झाल्याची खूण)?

मांडवीकाठ: वॅलगॅन्सिक्लोव्हिर ४५० मिग्रॅ, दिवसाला एक. वय ५८, वजन ६४. डोस ठरला तेव्हा क्रिएटिनिन १.९, आता १.२. दाता पॉझिटिव्ह, बाबा निगेटिव्ह होते.

कुळागर: गुळवेलीचा काढा द्या. पपईच्या पानांचा रसही.

गोळीबाज: पपईचं पान लोक प्लेटलेटसाठी देतात, इथे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी आहेत. आणि गुळवेलीने प्रतिकारशक्ती चाळवायची, तर ती दाबणारं टॅक्रोलिमस कशाला गिळतात?

लॅबवाला: मुद्दा डोसचा आहे. क्रिएटिनिन १.९ ला क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली गाळते ते) ३८, म्हणून एक गोळी बरोबर होती. आता तो ६०च्या काठावर आलाय. ४० ते ५९ ला ४५० दिवसातून दोनदा, ६० पासून ९०० दोनदा. अर्धवट डोसवर विषाणू मरत नाही, उलट औषधाला सरावतो. गोळी मोडू नका, तिची पूड अंगाला लागणंही वाईट. जेवणाबरोबरच द्या.

गोळीबाज: सरळ यूएल९७ ची (औषधाला सरावलेला विषाणू ओळखणारी) जनुक तपासणी करा, वेळ का घालवता?

लॅबवाला: आधी पुरा डोस दोन आठवडे. तरी आकडा उतरला नाही, तर तपासणी. विषाणू फारच कमी असेल तर जनुक वाचताच येत नाही. पीसीआर दर आठवड्याला, एकाच लॅबमध्ये, प्लाझ्मावरच. तिपटीच्या आतला फरक धरू नका.

मांडवीकाठ: आणि पेशी?

गोळीबाज: त्यासाठी वॅलगॅन कमी करत नाहीत. आधी मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) उतरवतात, सेप्ट्रानचंही (जंतुसंसर्ग टाळायची गोळी) बघतात. न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यातलं काहीही मनाने नको.

डिचोलीकर: तिसऱ्या (शिंपल्यांतलं मांस) अर्ध्याकच्च्या देऊ नका हां.

लॅबवाला: सीएमव्ही तिसऱ्यांतून येत नाही हो! पण नीट शिजवा, तेही खरंच.

मांडवीकाठ: सोमवारी ओपीडी आहे, क्लिअरन्स काढून नेतो. चवथीचं कुणी बोललंच नाही.

लॅबवाला: हा विषाणू दात्याच्या किडनीतूनच आलेला दिसतो, पाहुण्यांकडून नव्हे. तरी पेशी कमी असताना सर्दी-तापवाल्यांना लांब ठेवा. लहानग्यांची लाळ, लंगोट हाताळले तर साबणाने हात धुवायला लावा.