‘पोर्ट फॉरवर्डिंग’साठी मराठी शब्द हवा आहे

पाटी-पेन्सिल
नाशिकला काकांच्या घरी एक छोटा फाइल सर्व्हर आहे. आजोबांच्या कीर्तनांची कॅसेटवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे, जुने फोटो आणि शेतीची कागदपत्रे त्यावर ठेवलेली आहेत. आम्हां भावंडांना ती आपापल्या गावाहून उघडता यावीत, म्हणून राउटरमध्ये काय काय करायचे याचे मराठी टिपण मी काकांसाठी लिहीत आहे. त्यात ‘पोर्ट फॉरवर्डिंग’पाशी, म्हणजे बाहेरून आलेली मागणी राउटरने घरातल्या ठरावीक यंत्राकडे धाडण्यापाशी, अडले आहे. हिंदी वळणाचे ‘पोर्ट अग्रेषण’ मला नको आहे.

टिपणाची पहिली पायरी अशी होती: ‘राउटरला सार्वजनिक पत्ता मिळाला आहे, याची खात्री करा.’ काकांनी आपला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, दाखवणारे एक संकेतस्थळ उघडले, तिथे पत्ता दिसला, आणि ‘सार्वजनिक पत्ता आहे’ असे त्यांनी कळवले. पुढच्या पायऱ्याही त्यांनी बिनचूक केल्या. घरातल्या वायफायवर १९२.१६८.१.२० या पत्त्यावर सर्व्हर लगेच उघडतो. मोबाइल डेटावरून मात्र काहीच उत्तर येत नाही. तरी शब्द सुचवावा.

वेंगुर्ला बंदर
लॅटिनमध्ये ‘पोर्ता’ म्हणजे दार आणि ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर. संगणकातल्या पोर्टचे काम दाराचे आहे, त्यामुळे माझ्या गावावर कितीही प्रेम असले तरी ‘बंदर’ इथे चालणार नाही. वाड्याच्या मोठ्या दरवाज्यात एक माणूस जाईल एवढे जे लहान दार असते, त्याला आपण दिंडी म्हणतो. पत्ता एकच, पण त्याला ० ते ६५५३५ अशा क्रमांकांच्या दिंड्या आहेत. ‘४४३ क्रमांकाच्या दिंडीवर येणारी मागणी १९२.१६८.१.२० कडे धाडा’ हे वाक्य काकांना नक्की समजेल.

शब्दनिष्ठ
‘दिंडी’ म्हटले की वाचकाला पंढरीची वाट आठवते, म्हणून ‘द्वार’ आणि ‘द्वारप्रेषण’ हे शब्द सुचवतो. नवे शब्द सुरुवातीला जड वाटतात, परंतु सावरकरांनी दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आज कोणाला खटकत नाहीत. शब्द वापरायचाच नाही आणि तो रुळला नाही म्हणायचे, हे मला पटत नाही.

तांब्याची तार
ताई, दिंडी लिहा किंवा द्वार लिहा, त्याआधी राउटरच्या स्टेटसच्या पानावर ‘वॅन आयपी’पुढे, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूच्या पत्त्यापुढे, कोणता आकडा आहे तो पाहून सांगा.

पाटी-पेन्सिल
काकांनी फोनवर वाचून दाखवला. तो १००.७२ ने सुरू होतो. संकेतस्थळावर दिसणारा पत्ता अगदीच वेगळा आहे.

तांब्याची तार
मग बिघाड पोर्टचा नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते साऱ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे कंपनी एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवते. संकेतस्थळावर काकांना दिसला तो हा सर्वांच्या वाटणीचा पत्ता. बाहेरून आलेली मागणी कंपनीच्या यंत्रापर्यंत पोहोचते, पण ती कोणत्या घरी द्यायची याची नोंद त्या यंत्राकडे नसल्यामुळे तिथेच टाकून दिली जाते. काकांच्या राउटरमधला नियम कितीही अचूक असला, तरी मागणी त्याच्यापर्यंत येतच नाही.

आता शब्दाकडे पाहा. काकांनी वाक्य बरोबर वाचले. आपल्याकडे ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्वांमध्ये मिळून एक, आणि त्यांना मिळालेला पत्ता त्या अर्थाने पुरेपूर सार्वजनिक आहे. हवा आहे तो नेमका याच्या उलट, म्हणजे त्यांच्या एकट्याचा आणि बाहेरून थेट गाठता येणारा.

जुने दप्तर
हे निरीक्षण फार मोलाचे आहे. १८७० मधली पुण्याची सार्वजनिक सभा घ्या, सार्वजनिक गणेशोत्सव घ्या किंवा गल्लीतला सार्वजनिक नळ घ्या. प्रत्येक ठिकाणी सामायिकपणाचाच भाव आहे. बाहेरच्याला दिसणे हा भाव ‘जाहीर’मध्ये आहे, कारण मूळ अरबी ‘जाहिर’चा अर्थच उघड, दृश्य असा आहे. म्हणून ‘जाहीर पत्ता’ म्हणावे.

शब्दनिष्ठ
अर्थाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, पण ‘सार्वजनिक’ काढून त्याजागी परका शब्द घालण्याची गरज दिसत नाही. ‘प्रकट पत्ता’ म्हणता येईल.

जुने दप्तर
‘जाहीर’ला परका म्हणणे मला मान्य नाही. शिवकाळात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यालाही साडेतीनशे वर्षे होत आली, आणि तरीही गावच्या चावडीवर जाहीर सूचनाच लागते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात असलेला शब्द आपलाच असतो.

पाटी-पेन्सिल
काकांना ‘जाहीर पत्ता’ वाचून दाखवला. त्यांनी विचारले, ‘म्हणजे आपली शेताची कागदे कोणीही पाहू शकेल का?’ ‘जाहीर लिलाव’ आणि ‘जाहीर सभा’ ऐकलेल्या माणसाच्या मनात हे येणारच.

तांब्याची तार
काकांची शंका रास्त आहे. पत्ता बाहेरून गाठता आला की अनोळखी यंत्रे त्याची दारे सतत चाचपडत राहतात. विंडोजच्या फाइल-वाटपाचा ४४५ क्रमांक तर इंटरनेटला कधीच मोकळा ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमची साथ पसरली ती त्याच वाटेने. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मिळाला तरी वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा (दोन टोकांमधल्या कुलूपबंद वाटेचा) एकच पोर्ट उघडा आणि फाइली त्याच्या आतून पाहा. पत्ता मिळत नसेल तर दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) आहे का ते तपासा, नाहीतर बाहेर भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरमार्फत व्हीपीएन जोडा. आणि सर्व्हरचा घरातला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलणार नाही.

वेंगुर्ला बंदर
आपण आताच ‘स्वतंत्र पत्ता’ लिहिलेत. तोच का घेऊ नये?

तांब्याची तार
कारण ग्राहक त्याचा अर्थ ‘स्टॅटिक’ असा घेतात. न बदलणारा पत्ता ही वेगळी गोष्ट आहे. बदलणारा पण एकट्याचा पत्ता असला, तरी डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचे नाव जोडणारी सेवा, वापरून काम भागते. मी ग्राहकांशी ‘पब्लिक आयपी’च म्हणतो आणि स्टेटसच्या पानावरचा आकडा वाचायला लावतो. टिपणातही ‘वॅनपुढचा आकडा आणि संकेतस्थळावरचा आकडा एकच आहे का, ते पाहा’ असेच लिहावे.

शब्दनिष्ठ
म्हणजे मराठी वाचकाने इंग्रजी शब्दच पाठ करावा, असे होईल. ते मला मुळीच मान्य नाही.

जुने दप्तर
निदान १९२.१६८ च्या पत्त्याला तरी आपला चांगला शब्द आहे. माझ्या मते ‘खाजगी’ हा फारसी ‘खानगी’वरून आला, म्हणजे मुळात घरातला. या पत्त्यासाठी तो अर्थ तंतोतंत लागू पडतो.

वेंगुर्ला बंदर
शुद्ध रूप ‘खासगी’ आहे. ते ‘खास’वरून आले आहे. होळकरांच्या राज्यात दौलतीचा आणि खासगीचा हिशेब वेगळा असे.

जुने दप्तर
होळकरांची खासगी मान्य आहे. परंतु ते दोन निराळे शब्द असून पुढे एकमेकांत मिसळले, असे मी मानतो, आणि घरातल्या पत्त्याला ‘खाजगी’च लिहीन.