कोल क्रीकचे खाणकामगार दंगेखोर होते?

वणीकर: सकाळी इथली पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे १८९१ला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कोल क्रीकच्या खाणकामगारांनी बंदुका घेऊन कैदी पळवले, ही शुद्ध दंगल. अरे पण आधी काय झालं ते कोण सांगणार? तिथल्या ब्राइसव्हिल गावच्या खाणकामगारांना रोख पगार हवा होता आणि कोळशाच्या वजनावर लक्ष ठेवायला आपला माणूस, जो कायद्यानेच मिळायला हवा. कंपनीने काय केलं, राज्याकडून भाड्याने कैदी आणले आणि त्यांच्याच हातून कामगारांची घरं पाडून कोठड्या बांधल्या. माझे बाबा खाणीत होते, मला हे वाचवत नाही.

तटस्थ: भावना समजली. पण जुलैत कामगारांनी कैद्यांना गाडीत बसवून नॉक्सव्हिलला परत धाडलं, ही कसली सुटका? बहुतेक कैदी काळे, कित्येक किरकोळ चोरीत अडकवलेले. कामगारांना फक्त स्वतःचं काम परत हवं होतं.

वणीकर: आणि ३१ ऑक्टोबर? विधिमंडळाने तोंडाला पानं पुसल्यावर कोठड्या जाळल्या, कैदी मोकळे सोडले, अंगावर घालायला साधे कपडेसुद्धा दिले. ते नाही दिसलं?

ऊसवाला: वजनावरून आठवलं. आमच्या आप्पांनी एकदा ट्रॅक्टर बाहेरच्या काट्यावर मोजून नेला, कारखान्यात सव्वा टन कमी भरला. बोलले तर पुढच्या वर्षी तोडच उशिरा आली, ऊस वाळला.

तटस्थ: विषय कोळशाचा चाललाय.

ऊसवाला: विषय काट्याचाच आहे! टनावर पैसे मिळणाऱ्याला काटा म्हणजे पगार.

कोल्हापुरी: आता डिजिटल काटे आहेत हो, काटामारी जुनी झाली.

ऊसवाला: डिजिटल काटा कुणाच्या ताब्यात असतो? तुम्ही कधी रात्री दोनला नंबर लावून उभे राहिलायत का? मग बोला.

वणीकर: बरोबर बोलताय दादा.

तटस्थ: बरं, एवढं मानतो, १८९२ला मिलिशियाने, म्हणजे राज्याच्या सशस्त्र दलाने, कामगारांना चिरडलं तरी १८९५च्या अखेरीला करार संपल्यावर कैदी भाड्याने देणं बंद झालं, ते यांच्यामुळेच. पण राज्याने ब्रशी माउंटनला स्वतःचा तुरुंग काढून कैद्यांना परत कोळशातच घातलं. त्यांना काय मिळालं?

वणीकर: काही नाही मिळालं, हे खरंय. पण तो जाब राज्याला विचारा, कामगारांना नको.

ऊसवाला: आप्पांच्या दोन्ही पावत्या ट्रंकेत आहेत, रात्री फोटो टाकतो.