होल्डेममध्ये सुरुवातीची कोणती दोन पाने खेळावीत?

गिरगावकर:
आम्ही सहा मित्र दर शनिवारी रात्री गिरगावात एकाच्या घरी टेक्सास होल्डेम खेळतो, म्हणजे पोकरचा तो प्रकार ज्यात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि टेबलावरची पाच पाने सर्वांची. पैसे लावत नाही. प्रत्येकाला १०० चिंचोके मोजून देतो. दर दिवाळीला तीन पत्ती खेळत आल्यामुळे हातात एक्का आला की पॅक करणे मला जमतच नाही. गेल्या शनिवारी एक्का-छक्की घेऊन बसलो, टेबलावर एक्का उघडला, मी चिंचोके लावत गेलो आणि शेवटी समोरच्याने एक्का-राणी दाखवून माझा निम्मा ढीग ओढून नेला. कोणती पाने ठेवावीत आणि कोणती टाकावीत, याचा काही हिशेब असतो का?

परळकर:
घोळ तीन पत्तीच्या सवयीचा आहे. तिथे एक्का एकट्या तुमचा असतो. इथे मधली पाच पाने सर्वांची असल्यामुळे टेबलावरचा एक्का समोरच्यालाही लागतो, दोघांची जोडी सारखीच होते आणि निकाल बहुधा दुसऱ्या पानावर, म्हणजे किकरवर जातो. एक्का-राणीसमोर एक्का-छक्की साधारण चारांतून एकदाच जिंकते. त्याहून वाईट म्हणजे, तुमचा एक्का लागल्यावर ज्याच्याकडे काही नाही तो लगेच पॅक करतो आणि जो थांबतो त्याचा किकर तुमच्यापेक्षा मोठा असण्याचीच शक्यता अधिक, त्यामुळे जिंकलात तरी थोडे मिळते आणि हरलात की पुष्कळ जाते.

ठाणेकर:
हे मान्य आहे, पण नुसत्या पानांची यादी पाठ करून भागणार नाही, कारण तुम्ही कोणत्या जागेवर बसला आहात यावर त्याच पानांची किंमत बदलते. डीलर बटणावरचा (ज्याच्यासमोर वाटणाऱ्याची खूण असते तो) खेळाडू फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पाने उघडल्यानंतर, प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी चाल करतो, म्हणजे इतरांनी काय केले ते पाहून ठरवतो. राजा-दश्शी मी पहिल्या जागेवरून टाकते. तीच बटणावर आली आणि आधी सर्वांनी पॅक केले असेल, तर बोली वाढवते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

डोंबिवलीकर:
दोन्ही पाने बदामाची किंवा इस्पिकची आली की नवे खेळाडू हुरळतात. फ्लॉपवरच फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) पूर्ण होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. एकाच रंगाची पाने असल्याने जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांनीच वाढते. राजा-तिर्री बदामाची असली तरी राजा-तिर्रीच. दोन दुर्र्या किंवा दोन तिर्र्या अशा लहान जोड्या मात्र स्वस्तात फ्लॉप पाहायला मिळत असेल तर ठेवाव्यात. फ्लॉपवर तसेच तिसरे पान सुमारे साडेआठ डावांत एकदा लागते, पण लागले की समोरच्याला ओळखू येत नाही.

गिरगावकर:
मी मोठ्या ब्लाइंडवर (पाने पाहण्याआधीच सक्तीची मोठी बोली लावायच्या जागेवर) असताना एक्का-छक्की आली आणि कोणी बोली वाढवलीच नाही, तर?

परळकर:
तुमचे चिंचोके आधीच टेबलावर गेलेले असतात, तेव्हा फ्लॉप जरूर पाहा. एक्का उघडला तर एकदा लावा, आणि समोरून वाढवले गेले तर पाने टाका.