फेरांटी इफेक्टवाला फेरांटी कोण होता?

टीई_इलेक्ट्रिकल: परवा ओरल आहे. लोड नसलेल्या लांब लाईनच्या शेवटी व्होल्टेज सुरुवातीपेक्षा वाढतं, ही व्याख्या पाठ आहे. पण वाढीव व्होल्टेज येतं कुठून? आणि हा फेरांटी कोण?

शिफ्टवाले काका: बाळा, तीस वर्षं सबस्टेशनात नाईट केल्या. पावसाळ्यात शेतीपंप बंद पडले की रात्री दोनच्या सुमारास ४०० केव्हीचा काटा ४२० पार करायचा. कळव्याच्या राज्य वीज नियंत्रण केंद्रातून फोन, "रिॲक्टर घ्या," म्हणजे लाईनला मोठी कॉइल जोडा. लोड कमी असला की लाईन स्वतःच लांबलचक कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी वस्तू होते. तिचा चार्जिंग करंट लाईनच्या इंडक्टन्समधून (करंटच्या बदलाला होणाऱ्या विरोधातून) जाताना शेवटचं व्होल्टेज वर चढवतो. रिॲक्टर तो करंट शोषतो.

आता माणूस. सेबॅस्टियन झियानी डी फेरांटी, जन्म लिव्हरपूल, १८६४. बाविसाव्या वर्षी लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरी वीजकेंद्राचा मुख्य इंजिनीअर. तेव्हा गल्लोगल्ली छोटी केंद्रं असत, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) मैलभरात दम टाकायचा. याने ठरवलं, थेम्सकाठी डेप्टफर्डला एकच मोठं केंद्र काढायचं. कोळसा बोटीने येईल, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नदीचं पाणी, जागा स्वस्त. तिथून १०,००० व्होल्टने वीज शहरात आणायची. तेवढी केबल बाजारात मिळेना, म्हणून स्वतः बनवली: एकात एक तांब्याच्या नळ्या, मधे मेण पाजलेला कागद, वीस-वीस फुटांचे तुकडे. व्होल्टेज चढल्याचं याच केबलवर दिसलं.

ग्रोव्हनरचं केंद्र आता डेप्टफर्डची वीज घेणारं सबस्टेशन झालं होतं. नोव्हेंबर १८९० मध्ये त्याला आग लागली. काही महिने पुरवठा बंद, ग्राहक गेले. १८९१ मध्ये फेरांटीला कंपनी सोडावी लागली. वय सत्तावीस! मला हे आजही लागतं. त्याची आखणी बरोबर होती, पुढे सगळ्या जगाने तीच उचलली. नंतर त्याच्या कारखान्यातून मीटर, ट्रान्सफॉर्मर निघाले.

टीई_इलेक्ट्रिकल: काका, चालू केबलमध्ये छिन्नी ठोकल्याची गोष्ट खरी का?

शिफ्टवाले काका: खरी. सहकाऱ्याने छिन्नी हातात धरली, वरून घाव घातला. त्याला काही झालं नाही, कारण बाहेरची नळी अर्थ केलेली. छिन्नी आधी तिला टेकते, मग आतल्या नळीला भिडते आणि फॉल्ट करंट बाहेरच्या नळीतून जमिनीत जातो. ओरलला अर्थिंग विचारलं तर हेच सांग. आणि शंट रिॲक्टरची आकृती आजच काढून बघ.